तक्रार: फोर-लिंक संचातले भाग वर्णनाप्रमाणे नाहीत

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व तांत्रिक सेवा विभाग

विषय: मागच्या सॉलिड अॅक्सलसाठी (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस) घेतलेल्या फोर-लिंक संचात (तो अॅक्सल गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या चार नळ्या, म्हणजे लिंक) कमी दर्जाचे भाग पाठवल्याबद्दल.

तुमच्या हेल्पलाइनवर आज जे ऐकलं, त्यानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ नाही. म्हणून लेखी देत आहे.

तुमच्या वर्णनपत्रात स्पष्ट लिहिलंय: 4130 क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रपोलाद) सीमलेस, म्हणजे बिनजोड नळी, बाहेरचा व्यास 31.75 मिमी, जाडी 3 मिमी, 5/8 इंची, टेफ्लॉन अस्तराचे रॉड एंड (लिंकच्या टोकाला आट्यांनी बसणारे, मधल्या बॉलवर फिरणारे जॉइंट), प्रत्येक लिंकच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे (उलट दिशेने फिरवून आवळायचे), 10.9 ग्रेडचे बोल्ट. प्रत्यक्षात काय आलं? नळीत टॉर्च मारली की आत लांबीभर वेल्डची शिवण दिसते, म्हणजे ती ईआरडब्ल्यू, पत्रा वळवून वेल्ड केलेली नळी. वरच्या दोन्ही लिंकना दोन्ही टोकांना उजवेच आटे. बोल्टच्या डोक्यावर 8.8, म्हणजे 10.9 पेक्षा कमी ताकदीचा ग्रेड, व्यास 14 मिमी, आणि आटे थेट डोक्यापर्यंत. बॉलचं छिद्र मात्र 15.875 मिमी. जवळजवळ 1.9 मिमीचा खेळ! गाडी स्टँडवर असताना अॅक्सल हाताने पुढेमागे ढकलला तरी 'टक' असा आवाज येतो.

4130 आणि साध्या पोलादाचा ताठपणा सारखाच असतो, त्यामुळे लांब लिंक निव्वळ दाबाखाली बाक धरण्यात फारसा फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. फरक पडतो तो लिंक दगडावर किंवा कर्बवर आपटते तेव्हा. साधी नळी वाकते ती वाकलेलीच राहते, आणि पुढच्या दाबाला तिथेच दुमडते. आणि फरक पडो न पडो, पैसे तुम्ही 4130 चे घेतलेत.

आता बोल्ट. खालच्या लिंक जमिनीपासून 200 मिमीवर, वरच्या 400 मिमीवर, मागच्या चाकांवर 600 किलो आणि टायरची पकड 1 (म्हणजे वजनाइतकाच जोर) धरा. जोरात वेग घेताना टायर सुमारे 6000 न्यूटनने ढकलतात. त्यात खालच्या दोन लिंकवर मिळून 12000 न्यूटनचा दाब येतो आणि वरच्या दोघींवर 6000 ची ओढ. ब्रेक लावला की सगळं उलटं. क्लच एकदम सोडला तर धक्का याच्या वर जातो. दर वेळी दिशा बदलताना बोल्ट त्या 1.9 मिमीत हातोडीसारखा आपटणार, ब्रॅकेटचं भोक लंबगोल होणार, आणि बोल्टचे आटे नेमके कातर (आडवा कापणारा जोर) बसते तिथेच असल्यामुळे चीर तिथूनच सुरू होणार. तिथे 5/8 इंची, कोऱ्या दांड्याचा बोल्ट हवा. आटे ब्रॅकेटच्या बाहेर सुरू झाले पाहिजेत.

हे सगळं मी तुमच्या माणसाला सांगितलं. उत्तर आलं, "सर, ग्रीस मारा, आवाज बंद होईल." मी म्हटलं, अस्तराच्या जॉइंटला ग्रीस चालत नाही, धूळ चिकटून अस्तर खरवडून निघतं. "मग ऑइल मारा." छिद्र आणि बोल्ट जुळत नाहीत म्हटल्यावर "एखादा वॉशर टाका." डाव्या आट्यांचं विचारलं तर "लिंक फिरवून लांबी जुळवून घ्या." दोन्हीकडे उजवे आटे असताना लिंक फिरवली तर एका टोकाला जेवढी आत जाते तेवढीच दुसऱ्या टोकाला बाहेर येते, लांबी तसूभरही बदलत नाही, हे समजावत असताना त्याने फोन वरिष्ठांकडे दिला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "गाडी मॉडिफाय केलेली आहे का?" अहो, फोर-लिंक संच मॉडिफाय न केलेल्या गाडीसाठी कोण घेतं? त्यावर ते म्हणाले, "आटे आटेच असतात सर, तुमच्या मेकॅनिकला विचारा," आणि फोन ठेवला. सस्पेन्शनचे भाग विकणाऱ्या कंपनीचा तांत्रिक वरिष्ठ हे बोलतो!

डावे आटे नसल्यामुळे पिनियनचा (अॅक्सलमध्ये इंजिनची ताकद आणणाऱ्या दातेरी चाकाचा) कोन जुळवताना दर वेळी एक टोक सोडून रॉड एंड अर्ध्या फेऱ्याने फिरवावा लागतो. इंचाला 18 आटे, म्हणजे एका वेळी 0.7 मिमी, त्याच्या अधलंमधलं काही नाही. शिवाय नळीच्या टोकाला वेल्ड केलेल्या बुंगात (रॉड एंड बसवायच्या आट्यांच्या तुकड्यात) जेमतेम 12 मिमी आटे पकडतात. 5/8 ला किमान 16 हवेत, 24 असले तर उत्तम. एवढ्या पकडीवर चेकनट (रॉड एंड सैल होऊ नये म्हणून लावायचा नट) आवळून काय उपयोग?

पुण्या-कोल्हापुरात गाड्या बांधणारे तुमचं नाव विश्वासाने घेतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. मागचा लिंक सुटला तर अॅक्सल तिरका होऊन गाडी सरळ भिंतीत जाते. इथे "चालून जाईल" चालत नाही.

मला हवंय ते असं: चारही लिंक बदलून, नळीच्या उष्णता क्रमांकासह (पोलाद वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) साहित्य चाचणीचा दाखला, प्रत्येक लिंकला एक डावा आणि एक उजवा रॉड एंड, डाव्या आट्यांच्या चेकनटसह, पूर्ण पकडीचे बुंग, मापाचे, कोऱ्या दांड्याचे बोल्ट, आणि प्रत्येक जॉइंटला बॉल निसटला तरी लिंक अडवणारा मोठा सेफ्टी वॉशर. जमत नसेल तर वाहतुकीसह पूर्ण पैसे परत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर वर्णनाप्रमाणे माल न दिल्याबद्दल ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल करेन. गाडी स्वतःच्या वापराची आहे, धंद्याची नाही, तेव्हा ती पळवाट शोधू नका. नळीतल्या शिवणीचे, बोल्टच्या डोक्यांचे आणि व्हर्नियरवरच्या मापांचे फोटो सोबत जोडले आहेत. ते हेल्पलाइनकडे न पाठवता ज्याला डावे आटे कशासाठी असतात हे कळतं, अशाच माणसाकडे द्यावेत.

एक ग्राहक