बॉयलरच्या परतीच्या पाण्याकडे लक्ष द्यावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे हिवाळ्यात मुक्कामाला जाणाऱ्या आई-वडिलांच्या अनुभवांना आपण वेळोवेळी जागा देता. इंग्लंडमधल्या घरांबद्दल त्यांची एक तक्रार हमखास असते: घर तासभर तापते, मग गारठते आणि महिनाअखेरीस गॅसचे बिल मात्र भरमसाट येते. येथे बरीच वर्षे राहणारा एक यांत्रिकी अभियंता म्हणून मला सांगावेसे वाटते की, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा थंडीत नसून स्वयंपाकघरातल्या बॉयलरच्या, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणाऱ्या यंत्राच्या, जुळणीत असते आणि ते घरच्या घरी तपासता येते.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून घरात नवा गॅस बॉयलर बसवायचा तर तो, काही अपवाद वगळता, कंडेन्सिंग प्रकारचाच असावा लागतो. नैसर्गिक वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमध्ये ती धुराड्यातून निघून जात असे आणि इंधनातली सुमारे दहा टक्के ऊर्जा आपल्याबरोबर नेत असे. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये हीच वाफ हीट एक्स्चेंजरच्या (धुरातली उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या) थंड पृष्ठभागावर निवून पाणी होते आणि ती उष्णता घराला मिळते. मात्र हे घडण्यासाठी रेडिएटरमधून फिरून बॉयलरकडे परतणारे पाणी साधारण ५५ अंश सेल्सियसच्या खाली असावे लागते. ५४ अंशांना वाफ नुकती निवू लागते, खरा लाभ मिळतो तो परतीचे पाणी ४५ किंवा ४० अंशांवर येते तेव्हा. बॉयलरच्या लेबलवरचा ९२ ते ९४ टक्के कार्यक्षमतेचा आकडाही बराचसा ३० अंशांच्या परतीच्या पाण्यावर, कमी भारावर घेतलेल्या चाचणीवर उभा असतो, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात.

प्रत्यक्षात घरोघरी काय दिसते? माझ्याच घरी नवा बॉयलर बसवून गेलेल्या कंपनीने जाणारे पाणी ७५ अंशांवर लावून ठेवले होते आणि ज्योत कमी-जास्त करू शकणाऱ्या त्या यंत्राला केवळ ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच कळवणारा थर्मोस्टॅट जोडला होता. परतीचे पाणी साठ अंशांच्या वर होते, म्हणजे कंडेन्सिंगच्या नावाने पैसे घेतलेला बॉयलर जवळजवळ कंडेन्स करतच नव्हता. ओळखीच्या अनेक मराठी घरांत मी हीच स्थिती पाहिली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये, गॅसचा दर युनिटमागे (किलोवॉट-तासामागे) १०.३ पेन्सपर्यंत चढलेला असताना, ब्रिटिश सरकारने जाहीर मोहीम काढून कॉम्बी बॉयलरमधून (हीटिंग आणि नळाचे गरम पाणी दोन्ही देणाऱ्या, वेगळी टाकी नसलेल्या बॉयलरमधून) रेडिएटरकडे जाणारे पाणी ६० अंशांवर आणण्याचा सल्ला दिला. त्यानंतरही बहुतेकांनी पाण्याचे तापमान ठरवणाऱ्या गुंडीला हात लावलेला नाही, कारण पाणी कमी तापवले की घर थंड पडेल अशी भीती असते.

ही भीती समजण्यासारखी आहे, विशेषतः घरात वयस्कर माणसे असतील तेव्हा. खोली किमान १८ अंश उबदार असावी हा येथील आरोग्ययंत्रणेचा सल्ला पाळलाच पाहिजे. परंतु खोलीचे तापमान आणि रेडिएटरमधल्या पाण्याचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, बाहेर उणे ३ अंश असताना घर २० अंशांवर राखायला ६ किलोवॉट उष्णता लागते. मग बाहेर ८ अंश असताना तेच घर सुमारे ३ किलोवॉटवर भागते, आणि दक्षिण इंग्लंडच्या हिवाळ्यात दुसऱ्या प्रकारचे दिवसच जास्त असतात. रेडिएटरमध्ये ५५ अंशांचे पाणी जाऊन ४५ अंशांनी परतले, तर तो आपल्या नोंदलेल्या क्षमतेच्या निम्मी उष्णता देतो. त्या दिवसांना तेवढी पुरते. फक्त हीटिंग अधिक वेळ मंद चालू ठेवावे लागते, आणि तासभर भडकून बंद पडणाऱ्या हीटिंगपेक्षा अशी सावकाश, एकसारखी ऊब आपल्याकडून गेलेल्या ज्येष्ठांना कितीतरी सुखाची वाटते.

आता तपासणीविषयी. बहुतेक कॉम्बी बॉयलरखाली पाच पाइप एका रांगेत उतरलेले दिसतात. त्यांतले दोन टोकांचे बहुधा रेडिएटरकडे जाणारा आणि तिकडून परतणारा पाइप असतात, तरी खातरी बॉयलरच्या पुस्तिकेतील आकृतीवरून करावी. परतीच्या पाइपवर साधा, तारेचा तापमापक चिकटवून त्यावरून फोमचे आवरण गुंडाळले की हवा तो आकडा मिळतो. त्यासाठी बॉयलरचे झाकण उघडावे लागत नाही आणि उघडूही नये. ते काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये (गॅसची कामे करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंद असलेल्या तंत्रज्ञाचेच आहे.

दुसरी खूण त्याहून बोलकी आहे. बॉयलरमधून एक प्लास्टिकची नळी निघते, तिच्यातून निवलेल्या वाफेचे किंचित आम्लधर्मी पाणी बाहेर पडते. ते थेंब थेंब न येता, आतला सायफन (पाणी साठवून एकदम सोडणारा भाग) भरला की मध्येच एकदम भळकन येते. ही नळी बाहेरच्या मोरीवर उघडी सुटत असेल, तर हातमोजे घालून तिच्याखाली बादली ठेवावी आणि तेवढ्या वेळात गॅसचे मीटर किती पुढे गेले ते लिहावे. एक घनमीटर गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होते. त्यातले लिटरभर बादलीत उतरले, तर दोन तृतीयांश वाफ निवली आणि सुमारे ०.७ युनिट उष्णता घरात राहिली, असा हिशेब मांडता येतो. बादली कोरडी राहिली तर वाफ निवत नाही याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

तिसरी बाब बॉयलर वारंवार सुरू-बंद होण्याची. कॉम्बी बॉयलर अंघोळीच्या पाण्यासाठी २४ ते ३५ किलोवॉटचा घेतात; त्याची सर्वांत मंद ज्योतही पुष्कळ मॉडेलांत ५-६ किलोवॉटची असते. ३ किलोवॉट मागणाऱ्या घरात तो दर काही मिनिटांनी पेटतो, पाणी एकदम तापवतो आणि विझतो. त्यातच वरच्या मजल्यावरील सगळ्या रेडिएटरच्या झडपा बंद केल्या, तर फिरणारे पाणी आणखी कमी होते आणि स्थिती बिघडते. बॉयलरमधल्या पंख्याचा आवाज ऐकत अर्धा तास मीटरसमोर उभे राहिले की हे उघड होते. स्मार्ट मीटरच्या घरातल्या पडद्यावर ते कळत नाही, कारण तिथे गॅसचा आकडा अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलतो. अशा वेळी तंत्रज्ञाकडून हीटिंगची कमाल क्षमता खाली आणून घ्यावी, रेडिएटरमधला प्रवाह समतोल करून घ्यावा आणि बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचे तापमान ठरवणारा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर बसवता येईल का, हे विचारावे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या कॉम्बीबरोबर ज्या चार सुविधांपैकी एक तरी देणे बंधनकारक झाले, त्यांत या सेन्सरचा समावेश आहे. जर्मनीत तर ती नेहमीची पद्धत आहे.

गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरांनी मात्र घाई करू नये. कोमट पाण्यात वाढून फुप्फुसांचा आजार करणाऱ्या लिजिओनेला जंतूंच्या धोक्यामुळे टाकीतले पाणी ६० अंशांवर ठेवावे लागते, तेव्हा तिथे हीटिंग आणि टाकी यांचे तापमान वेगवेगळे लावता येते का, हे आधी पाहावे.

जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये संपूर्ण नवी हीटिंग यंत्रणा बसवताना ती शक्यतो ५५ अंशांच्या आतल्या पाण्यावर चालेल अशी आखण्याचा नियम आहे. जुन्या घरांत नुसता बॉयलर बदलला तर तो लागू होत नाही, आणि आपली बहुतेक कुटुंबे अशाच घरांत राहतात, कित्येक तर भाड्याने. घरमालकाशी बोलताना परतीच्या पाण्याचे लिहून ठेवलेले आकडे हाताशी असले, तर ‘घर थंड वाटते’ या मोघम तक्रारीपेक्षा त्यांची दखल लवकर घेतली जाते.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळासह ब्रिटनमधील सर्व मराठी मंडळांना माझी विनंती आहे की, हीटिंग सुरू होण्यापूर्वी, गणेशोत्सवाच्या सुमारास, एखाद्या नोंदणीकृत तंत्रज्ञाला बोलावून ही तपासणी मराठीतून करून दाखवावी आणि आलेल्या ज्येष्ठांनाही त्यात बसवून घ्यावे. दिवसभर घरात तेच असतात आणि बॉयलर किती वेळा पेटतो-विझतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आपला विश्वासू,
एक वाचक, रेडिंग (इंग्लंड)