गुणी बाळ एडी हॅस्केल

संपादक साहेब, जुन्या अमेरिकन कॉमेडी मालिकांचा विषय निघाला की सगळे सज्जन पात्रांचंच कौतुक करतात म्हणून हे लिहितोय. 'लीव्ह इट टू बीव्हर' (१९५७ ते १९६३) मधला एडी हॅस्केल आठवतो का कुणाला? मित्राच्या, म्हणजे वॉलीच्या, आईसमोर एकदम गुणी बाळ, "मिसेस क्लीव्हर, ड्रेस काय छान आहे तुमचा" वगैरे, आणि बाईंची पाठ वळली रे वळली की वॉलीच्या धाकट्या भावाला, बीव्हरला, छळायला आणि वॉलीला नको ते उद्योग सुचवायला मोकळा. बरं, त्या बाईंनाही हे नाटक कळायचंच, खरी मजा तिथेच होती.

हा रोल करणारा केन ऑस्मंड एका भागापुरता आलेला, तो शेवटपर्यंत टिकला, पण नंतर त्याच इमेजमुळे कामं मिळेनात, मग १९७० मध्ये गडी लॉस एंजेलिस पोलिसात भरती! लोकांनी ओळखू नये म्हणून मिशी वाढवली म्हणे. १९८० मध्ये एका संशयित गाडीचोराचा पाठलाग करताना त्याच्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, दोन बुलेटप्रूफ जॅकेटने अडवल्या आणि एक चक्क बेल्टच्या बक्कलने. पुढे मालिका परत आली तेव्हा एडीच्या पोराचा रोल त्याच्याच खऱ्या मुलाने केला, तोही तसाच आगाऊ. मे २०२० मध्ये केन गेला, ७६ वर्षांचा होता, पण कोरोनाच्या गडबडीत आपल्याकडे त्याच्यावर काही वाचल्याचं आठवत नाही.

– एक वाचक, ठाणे