आप्पा, रोटरच होता

कॉव्हेंट्री, 2 नोव्हेंबर

ती. आप्पा आणि आई,
शि. सा. न.

मोबाईलवर मोठं लिहिलं की आप्पा चष्मा शोधेपर्यंत स्क्रीन बंद होते आणि मग ते राहूनच जातं, म्हणून यावेळी वहिनीला मेल केलाय, ती मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. वहिनी, एक कॉपी कोल्हापूरला अक्काला पण पाठव, नाहीतर ती म्हणणार मला सगळं शेवटीच कळतं.

मी बरा आहे. जेवण वेळेवर आहे. खोकला गेला. परवा फोनवर आवाज घोगरा वाटला तो झोपेतून उठल्याचा होता, दुसरं काही नाही. गेल्या रविवारी इथं घड्याळं एक तास मागं केली त्यामुळे साडेचारलाच दिवे लागतात, तेवढं एक सोडलं तर सगळं मजेत.

काल काळा दिवस, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा. दादानं सायकल फेरीचा फोटो टाकला त्यात मागं एक पांढरी टोपी दिसते, ती आप्पांची नाही असं मी धरून चाललोय. गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणालेत ते परत लिहीत नाही.

आता गाडी. चालू झाली. म्हणजे चालू आधीही व्हायची, आता बंद पडायची थांबली. अक्काला गाडी कुठली ते अजून कळलेलं नाही (ती सगळ्यांना सांगत सुटलीय की मी जग्वार घेतली) म्हणून एकदाच लिहितो. मॉरिस मायनर, 1965 ची, करडी, गोल पाठीची, कासवासारखी दिसते. 1948 पासून 1971 पर्यंत अशा सोळा लाखांच्या वर गाड्या निघाल्या, ऑक्सफर्डजवळ काउलीला मुख्य कारखाना. आपल्याकडं हीच बेबी हिंदुस्थान म्हणून यायची, आणि ॲम्बॅसिडर निघाली मॉरिस ऑक्सफर्डवरून, म्हणजे नात्यानं ॲम्बॅसिडरची मावशी म्हणा की. आप्पांसाठी गंमत अशी की आपल्या फियाटचं, पद्मिनीचं, इंजिन 1089 सीसी आणि हिचं 1098, आकड्यांची नुसती अदलाबदल. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, पण तोच, 1-3-4-2. फक्त बॅटरीचं उलटं आहे, प्लस बॉडीला जोडलेला असतो. पहिल्या दिवशी मी सवयीनं मायनस बॉडीला लावायला निघालो होतो, केबल हातात धरून का कुणास ठाऊक थांबलो आणि जुना क्लॅम्प बघितला, म्हणून वाचलो.

घेतल्या घेतल्या ऑइलचं झाकण उघडलं तर आत पांढरा चिकट साय आल्यासारखा थर. माझ्या पोटात गोळाच. हेड गॅसकेट गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरलं, संपलं सगळं, असं धरून मी दोन दिवस नुसता गाडीकडं बघत बसलो. मग डोकं थंड झाल्यावर रेडिएटरमध्ये पाणी भरून खूण केली, इंजिन चालवलं, पाणी कमी होईना, बुडबुडे येईनात, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ. आधीचा मालक म्हातारा, गाडी दुकानापर्यंत न्यायचा आणि आणायचा, इंजिन धड तापायचंच नाही, त्यामुळे आतला दमटपणा झाकणाखाली जमून त्याची साय झालेली. ऑइल बदललं, दोनदा बऱ्यापैकी तापवली, गेली साय. हे तुम्हाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, पण तेव्हा मी गाडी घेतल्याचंच घरी सांगितलेलं नव्हतं.

मग मिसिंग. चालायची पण एक पाय लंगडा असल्यासारखी. त्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, बघायला पाहिजे होतं, आणि ते गेज कुठून आणलं हा आईचा प्रश्न. व्हिडिओ कॉलवर मी बोलून गेलो की रस्त्यावर मिळालं, आणि आईचा चेहरा बघून दादानं फोनच फिरवला. आई, मी लोकांनी टाकलेलं उचलत नाही. इथली पद्धत नीट समजून घे. घरातली वस्तू नको झाली, म्हणजे मोडलेली नाही, चांगली, फक्त नको झालेली, की ती घरासमोरच्या बुटक्या भिंतीवर ठेवतात आणि वर कागद चिकटवतात, फुकट आहे, घेऊन जा. खुर्च्या, कुंड्या, पोरांच्या सायकली, एकदा तर भिंतीवर अख्खा देव्हारा ठेवल्यासारखं लाकडी घड्याळ होतं. विजेची वस्तू असली तर खाली लिहितात, चालते. चालत नसली तर तेही लिहितात, चालत नाही पण कुणाला जमलं तर बघा. पाऊस आला तर बाहेर येऊन त्याच्यावर प्लास्टिक घालून जातात, म्हणजे देणार फुकट पण भिजलेलं देणार नाहीत. आणि घेणाऱ्यानं बेल वाजवायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. मला काय माहीत, मी पहिल्यांदा बेल वाजवून विचारलं, घेऊ का म्हणून, तर त्या आजीबाई इतक्या अवघडल्या, त्या सॉरी म्हणाल्या, मी सॉरी म्हणालो, त्या परत सॉरी म्हणाल्या, शेवटी मी कुंडी न घेताच आलो. शेजारच्या गृहस्थांनी नंतर समजावलं की विचारलं की घेणाऱ्यानं मागितल्यासारखं होतं आणि देणाऱ्यानं उपकार केल्यासारखं, दोघांनाही ते नको असतं. अंधारात न्यायचं असं काही नाही, भर दिवसा न्यायचं, फक्त वळून त्या घराकडं बघायचं नाही. आपल्या बेळगावच्या शहापुरात भिंतीवर असं काही ठेवलं तर पाच मिनिटांत गायब आणि दहाव्या मिनिटाला तिघं जण दारात, काय गा, घर विकालाय काय.

तर ते गेज तसं मिळालं, पत्र्याच्या डब्यात. डब्यात वहीचे कागद होते, कुठल्या गाडीला कुठल्या सिलिंडरला किती प्रेशर आलं ते बारीक अक्षरात लिहिलेलं, शेवटची नोंद 1988 ची. कुणाच्या तरी वडलांचं असणार. कागद मी ठेवलेत.

चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारला. एक, दोन, चार नंबरला 150 च्या आसपास आणि तीनला 115. तीनमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं, काटा हलला नाही. ऑइल टाकून प्रेशर वाढलं असतं तर रिंगा, नाही वाढलं म्हणजे व्हॉल्व्ह, हे तुम्ही मला सातवीत असताना अंगणात उकिडवं बसून शिकवलेलं, तेव्हा माझं सगळं लक्ष मॅचकडं होतं. झाकण काढून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, बघितले तर तीनच्या एक्झॉस्टला फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आतच जाईना. पाहिजे 12 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), तिथं शून्य. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. नऊच्या हिशोबानं (दोन नंबरांची बेरीज नऊ), म्हणजे एक नंबर व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना आठचा गॅप, दोन दाबलेला असताना सातचा, असे आठही लावले, थंड इंजिनवर. तीन नंबर 140 वर आला. वेळ लागला तीन तास, तुम्हाला अर्धा लागला असता.

आणि मग खरी पीडा. सकाळी एका झटक्यात चालू, आवाज गोड, आणि पंधरा-वीस मिनिटांनी आचके देऊन बंद. अर्धा तास थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. मला वाटलं पेट्रोल. हिला इलेक्ट्रिक पंप आहे, चावी फिरवली की टिक टिक करतो आणि कार्बोरेटर भरला की गप्प होतो, बंद पडल्यावर ऐकलं तर बरोबर टिकटिकून गप्प. टाकीचं झाकण सैल सोडून चालवली, की हवा जात नसेल म्हणून, तरी तेच. कॉइलला हात लावला तर गरम, कॉइल बदलली, तरी तेच. कंडेन्सर परत बदलला. इथपर्यंत एक महिना गेला आणि मी तुम्हाला तो आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

तुम्ही म्हणालात, परत लाव. मी परत लावला. परत लाव. मला वाटलं नेट खराब आहे, मी आवाज वाढवून, वारा काढून, हेडफोनवर तपासून तिसऱ्यांदा पाठवला. मग तुम्ही म्हणालात, "आवाज ऱ्हाऊ दे. शेवटाला हात कुठं लावलास, ते सांग."

मी म्हटलं, ही पीडा सुरू व्हायच्या आधी किट आणून डेल्कोमधलं (प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा) सगळं नवीन टाकलं, पॉइंट, कंडेन्सर, आणि आत फिरून करंट वाटणारा रोटर.

"मग नव्यावर पयला संशय घे की."

बंद पडल्या पडल्या डेल्कोचं झाकण उघडलं, कॉइलची मधली वायर लाकडी चिमट्यात धरून रोटरच्या पितळी पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवली आणि सेल्फ मारायला शेजाऱ्यांना बसवलं. रोटर चांगला असेल तर ठिणगी पडायला नको, करंटला पुढं जायला वाटच नाही. इथं चट् चट् चट् निळी ठिणगी. म्हणजे पट्टीच्या रिव्हेटखालून प्लॅस्टिक फोडून करंट सरळ खाली शाफ्टमध्ये उतरत होता आणि प्लगपर्यंत काही पोचतच नव्हतं. थंड असताना हीच टेस्ट केली तर काही नाही. नवा कोरा, पाकिटातला रोटर. जुना मी फेकला नव्हता (तुमची सवय, बरणीत ठेवायची), तो पॉलिश पेपरनं पुसून बसवला. रविवारी स्ट्रॅटफर्डला जाऊन आलो, जायला तीसएक किलोमीटर, यायला तेवढंच, कुठं थांबली नाही. शेजाऱ्यांना सांगितलं की माझ्या वडलांनी बेळगावात बसून शोधलं. त्यांना बेळगाव कुठं ते माहीत नाही, म्हटलं तेच तर आमचं भांडण आहे.

आई, तुझ्या काळज्या. गाडीखाली जातो तेव्हा नुसत्या जॅकवर जात नाही, घोड्या लावतो, दोन. इंजिन चालू असताना गॅरेजचं दार उघडं. पोलीस पकडत नाहीत, इथं 40 वर्षांवरची जुनी गाडी मूळ रूपात असली तर रोड टॅक्स माफ आणि दरवर्षीची तपासणी सक्तीची नाही, कागद सगळे आहेत. एकटा नसतो, शेजारी येतात. घरमालकाला विचारलंय. आणि गाडीवर सगळा पगार घालवत नाही, चौदाशे पाउंडाला मिळाली, कृपा करून रुपयात गुणाकार करत बसू नका.

बरं, आता पैशाचं. छोटीच्या लग्नाला तीन लाख म्हटलो होतो ते मला पाठ आहे. आज दोन पाठवलेत, सोमवार-मंगळवारपर्यंत दादाच्या खात्यात दिसतील, उरलेला एक जानेवारीत. कारण मधे व्हिसाची फी भरली. गाडीचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणजे थोडा आहे पण तेवढा नाही. साखरपुड्याला येता येणार नाही, दोनदा सुट्टी घेतली तर लग्नाला मिळणार नाही असं ऑफिसात तोंडावर सांगितलंय. लग्नाचा अर्ज दिलाय, मंजूर होईलच, छोटीला अजून काही बोलू नका. साखरपुड्यात मला व्हिडिओ कॉलवर टेबलावर उभं करून ठेवू नका, गेल्या वेळेला अर्धा तास मला नुसती कुंद्याची परात दिसत होती.

निपाणीच्या स्थळाबद्दल अक्कानं विचारलंय. मुलगी चांगली आहे, मी नाही म्हटलेलं नाही. आधी छोटीचं होऊ दे. त्यांना घाई असेल तर त्यांना थांबवून ठेवणं बरं नाही एवढंच म्हणतोय, यातून दुसरं काही काढू नका.

आणि आप्पा, कानाचं दादानं सांगितलं. त्याला रागावू नका, मीच खोदून विचारलं. डावा बंदच आणि उजव्यानं बारीक आवाज येत नाही, आणि हे गणपतीच्या आधीपासून. मी तीन-तीनदा रेकॉर्डिंग पाठवत बसलो. स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून दांडा कानाला लावायचा आणि कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचं, आख्खी उद्यमबाग, कारखान्यांची सगळी वसाहत, तुमच्याकडं यायची, तुम्ही मला सांगितलं असतं तर मी काय हसलो असतो का. दोन लाखांतले चाळीस हजार कानाच्या मशीनचे आहेत, लग्नाचे नाहीत, दादाला तसं लिहिलंय. कमी पडले तर कळवा. म्हातारा दिसेन वगैरे चालणार नाही.

फियाट भंगारात द्यायचं चाललंय असं कळलं. मांडवाला जागा पाहिजे हे कबूल, पण तेवढ्यासाठी देऊ नका, ढकलून पलीकडच्या बोळात लावा. दादा, प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे ऑइल सोड, दोन दिवस मुरू दे, मग टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हळूच ढकलून इंजिन फिरतंय का बघ. प्लग न काढता सेल्फ मारू नकोस. पेट्रोल जुनं आहे ते सगळं काढ. आणि डेल्कोतलं काही बदलू नकोस, आहे तेच साफ कर.

चालू झाली तर आवाज पाठव. नाही झाली तरी पाठव.

तुमचा,
बाळू

ता. क. छोटीला सांगा, गॅरेजमधला हिरवा स्वेटर तिनंच विणलेला आहे, पण तो मी टाकलेला नाही, तो ऑइलचे हात पुसायला नाही तर घालायला ठेवलाय. फोटोत तसं दिसतंय.