बाबा, इथे नेट रनरेट नसतो

सिॲटल, २९ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

काल तुमचा फोन आला तेव्हा तुमच्याकडे बारा वाजून गेले होते आणि मागून आई ओरडत होती की आता तरी टीव्ही बंद करा. मी पण इथे सकाळी साडेसातपासून तीच आशिया कपची फायनल लावून बसले होते. १४७ करायला एवढं रडवायचं असतं का, दोन बॉल उरले तेव्हा कुठे जिंकलो, तिलक वर्मा टिकला नसता तर काय झालं असतं बोलायलाच नको. पण मी घाईघाईत म्हटलं ‘ठेवते आता, बाराला पंधरा मॅच सुरू होतायत’ आणि तुम्ही ‘पंधरा?’ म्हणून गप्पच झालात, म्हणून आज सविस्तर लिहितेय, कारण फोनवर सांगायला गेलं की एकतर रेंज जाते नाहीतर आई मध्येच भाजी काय केलीस विचारते.

तर पंधरा म्हणजे खरंच पंधरा. मेजर लीग बेसबॉलमध्ये टीम ३०, आणि सीझनच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांच्या मॅच मुद्दाम साधारण एकाच वेळी ठेवतात. मार्चअखेर सुरू होतं, सप्टेंबरअखेर संपतं, आणि तेवढ्यात एकेका टीमच्या १६२ मॅच. आयपीएलमध्ये चौदा झाल्या की तुम्ही म्हणता आता बास. इथे जवळजवळ रोज मॅच, जिंकलो तरी उद्या आहेच, हरलो तरी उद्या आहेच, त्यामुळे मे-जूनमध्ये कुणी फार मनावर घेत नाही आणि मग सप्टेंबर उजाडला की एप्रिलमधली कुठली तरी फालतू हरलेली मॅच सगळ्यांना आठवायला लागते.

आमची टीम मरिनर्स. तिसांतली ही एकच अशी आहे की जी वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, जिंकणं राहू दे, अजून खेळलेलीच नाही, १९७७ पासून! २००१ ला ११६ मॅच जिंकल्या तरी फायनलला पोचले नाहीत, आणि त्यानंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफसुद्धा नाही. २०२१ ला शेवटच्या दिवशी बाहेर, २०२३ ला एका मॅचने बाहेर, २०२४ ला परत एका मॅचने बाहेर, त्यात गेल्या वर्षी जूनमध्ये दहा मॅचनी पुढे होते आणि जवळपास महिन्याभरात ती सगळी आघाडी फुंकून टाकली. त्यामुळे इथल्या लोकांचं असं झालंय की टीम जिंकायला लागली की यांचं टेन्शन वाढतं. ऑफिसात माझ्या बाजूला बसतो तो सप्टेंबरभर रोज सकाळी कॉफी घेताना एकच वाक्य म्हणायचा, ‘अजून हरायला वेळ आहे’. वैताग नुसता.

यंदाही तसंच वाटत होतं. ५ सप्टेंबरला अटलांटात हरलो तेव्हा ७३ जिंकलेल्या, ६८ हरलेल्या, आणि आमच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, वर ह्यूस्टनचे ॲस्ट्रोज बसलेले, जे गेली कित्येक वर्षं आमच्या डोक्यावरून उठतच नाहीत. त्याच सुमाराला इथल्या एका फॅनने काय केलं तर एट्सी नावाच्या वेबसाइटवर पैसे भरून एका चेटकिणीकडून टीमसाठी मंत्र करून घेतला. खोटं नाही सांगत, पेपरात आलं होतं. आणि ६ तारखेपासून सलग दहा मॅच जिंकल्या! मग काय, लोक स्टेडियममध्ये चेटकिणीच्या टोप्या घालून यायला लागले. आईला सांगा, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, तेव्हा श्रेय कुणाचं हे तिने ठरवावं. मी ऑफिसात हा मुद्दा मांडला तर लोकांनी गंभीरपणे ऐकून घेतला आणि एकाने विचारलं की बाप्पा परत कधी येतात.

आता तुमचा प्रश्न, टाय झाला, म्हणजे दोन टीमच्या जिंकलेल्या मॅच सारख्याच झाल्या, तर काय. नेट रनरेट नसतो बाबा, किती रन्सनी जिंकलात हरलात याला काही किंमत नाही. आपसातल्या मॅचमध्ये कोण जास्त जिंकलं ते बघतात आणि विषय संपला. पूर्वी टाय झाला तर १६३ वी मॅच खेळवायचे, २०२२ पासून ते बंद केलं. माझ्या मते वाईट केलं, पण आम्हाला कोण विचारतंय.

१९ तारखेला आम्ही ह्यूस्टनला गेलो (म्हणजे टीम गेली, मी घरीच) तेव्हा दोघांच्या ८४ जिंकलेल्या आणि ६९ हरलेल्या, वर्षभरातल्या आपसातल्या मॅच पण पाच-पाच. आणि उरलेल्या तीन त्यांच्या घरी. मी तिन्ही मॅच शेजारच्या आजींकडे बघितल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, टीव्हीचा आवाज बंद ठेवतात आणि कॉमेंट्री रेडिओची लावतात, आणि मांडीवर स्कोअरबुक घेऊन प्रत्येक बॅटरचं काय झालं ते पेन्सिलने लिहितात. एकेक चौकोन, त्यात छोटा हिरा काढलेला, रनर जिथवर पोचला तिथवर रेघ. कुणी बॅट फिरवून आऊट झाला तर इंग्रजी के, आणि नुसता बघत उभा राहून आऊट झाला तर उलटा के. तो उलटा के त्या जरा जोरात दाबून काढतात. आमच्याकडच्याने तसं केलं की तर पेन्सिलीचं टोकच मोडतं.

पहिली मॅच जिंकली. दुसरीत नववी म्हणजे शेवटची इनिंग, आम्ही ६-४ ने पुढे, ह्यूस्टनचे रनर बेसवर, एक आऊट. बॉल उजवीकडे उडाला, उंच नाही, त्या मधल्या जागेत जिथे कुणीच नसतं, आणि आमचा रोबलेस कुठून धावत आला देव जाणे, पुढे सूर मारला, जमिनीला लागायच्या आत बॉल धरला आणि उठता उठता सेकंड बेसकडे फेकला. ह्यूस्टनचा रनर पुढे पळून गेला होता, तो परत पोचायच्या आत आऊट. मॅच खल्लास! आजींनी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात तोंडावर. मग पाणी प्यायल्या आणि आधी वहीत ते नीट लिहून घेतलं, त्यानंतर मला मिठी मारली. तिसरी पण जिंकली, सर्वपित्री अमावस्येच्या दिवशी.

आता तुम्हाला आवडेल असा हिशोब. इथे मॅजिक नंबर म्हणतात. १६३ मधून आपल्या जिंकलेल्या आणि समोरच्याच्या हरलेल्या वजा करायच्या, उरेल तेवढं काम बाकी. आमच्या ८७, त्यांच्या हरलेल्या ७२, म्हणजे ४. पण आपसातल्या मॅचमध्ये आम्ही ८-५ ने वर गेलो होतो, म्हणजे टाय झाला तरी आमचाच, म्हणून १६२ मधून वजा करायचं, ३. आणि यातली गंमत अशी की आपण जिंकलो तरी नंबर एकने कमी होतो आणि ते हरले तरी एकने कमी होतो, त्यामुळे आपली मॅच नसेल त्या दिवशीही माणूस दुसऱ्याच्या मॅचला चिकटून बसतो. मी ॲस्ट्रोजच्या विरुद्ध कोण खेळतंय ते बघून त्या टीमची रात्रीपुरती फॅन व्हायचे. जावई म्हणतात, तुला त्या टीममधल्या एकाचं तरी नाव माहितीय का. नाही माहीत, गरज काय आहे.

घट बसले सोमवारी. मंगळवारी कोलोराडोविरुद्ध मागे होतो, आठव्या इनिंगमध्ये नेलरने डबल (थेट सेकंड बेसपर्यंत नेणारा फटका) मारून तीन रन्स आणल्या आणि प्लेऑफ पक्कं झालं. हा नेलर चांगला जाडजूड आहे, पळायला हळू, आणि तरी यंदा ३० बेस चोरलेत, पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, बेसावध दिसला की निघतो. आणि बुधवारी आम्ही सगळे स्टेडियमला होतो. ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नव्हती. तिथे भाजलेले नाकतोडे विकायला असतात, आईला हे वाचून दाखवू नका, आम्ही लसणीचे फ्राईज खाल्ले. तुमच्या नातीला मॅचमधलं काही कळत नाही, तिला फक्त मधे चार माणसं सॅमन माशाचे ड्रेस घालून मैदानाकडेने पळतात ते बघायचं असतं. त्यातला हम्पी नावाचा मासा तोवर एकदाही जिंकलेला नव्हता आणि ही त्याच्यासाठीच घसा फोडते. पक्की सिॲटलची झालीय.

त्या दिवशी कॅल रॅलीने यंदाचा ५९ वा होम रन (आपल्या सिक्सरसारखा) पहिल्याच इनिंगमध्ये मारला आणि आठव्यात ६० वा. तुम्हाला कळावं म्हणून सांगते, हा कॅचर आहे, म्हणजे विकेटकीपरचं काम, सहा महिने जवळजवळ रोज तीन तीन तास उकिडवं बसायचं आणि मग बॅटिंगला जाऊन हे करायचं. एका सीझनमध्ये ६० मारणारा आजवरचा सातवा माणूस, आणि कॅचरचा आधीचा रेकॉर्ड ४८ चा होता. साठावा गेला तेव्हा आजूबाजूचे लोक ओरडत नव्हते, आधी नुसते एकमेकांकडे बघत होते, आवाज नंतर आला. मॅच ९-२ ने जिंकली आणि डिव्हिजन आमचं, २००१ नंतर पहिल्यांदा. ६ तारखेपासून मोजलं तर १८ पैकी १७ जिंकल्या.

त्यानंतर डॉजर्सकडून घरच्या मैदानावर तिन्ही हरलो पण त्याचं कुणाला काही नव्हतं. शनिवारी क्लीव्हलंडची मॅच शेवटी बॅटरच्या अंगावर बॉल लागून जिंकली गेली, बेस भरलेले होते म्हणून फुकटची रन, आणि त्यावर ह्यूस्टन प्लेऑफमधून बाहेर, २०१६ नंतर पहिल्यांदा. हसू नये म्हणतात दुसऱ्याला. मी हसले.

आणि काल रविवारी तर काय विचारू नका. टोरांटो आणि यांकीज दोघांच्या ९४, आपसात टोरांटो पुढे म्हणून डिव्हिजन टोरांटोला. क्लीव्हलंड जुलैमध्ये डेट्रॉइटच्या साडेपंधरा मॅच मागे होतं (अर्धी कशी, तर कुणाची एक मॅच खेळायची राहिलेली असते म्हणून), एवढ्या मागून येऊन आजवर कुणीच जिंकलेलं नाही, आणि काल ते जिंकले. आणि न्यू यॉर्कचे मेट्स! न्यू जर्सीच्या दादाला फोन करा, त्याला आधाराची गरज आहे. जूनमध्ये अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात पुढे होते, एका खेळाडूला १५ वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलर देऊन आणलाय, आणि काल मायामीला हरवलं असतं तर आत गेले असते. ४-० ने हरले. तिकडे सिनसिनाटीची टीम पण हरली, दोघांच्या ८३, पण आपसातल्या मॅच सिनसिनाटीने जास्त जिंकलेल्या, ते आत, मेट्स घरी. दादाने ग्रुपवर फक्त एक पूर्णविराम पाठवला. नुसता पूर्णविराम! वहिनी म्हणते जेवला नाही.

आजींना मी काल विचारलं की तुम्ही एवढ्या शांत कशा राहता, तर म्हणाल्या १९९५ बघितलंय. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मरिनर्स १३ मॅच मागे होते, शेवटी टाय झाला, मग ती जादाची मॅच इथे किंगडोम स्टेडियममध्ये झाली आणि पिचर रँडी जॉन्सनने ९-१ ने जिंकून दिली. तेव्हा टीम शहर सोडून जायच्या बेतात होती, नव्या स्टेडियमच्या पैशासाठीचं मतदान थोडक्यात फसलेलं, आणि त्या महिन्यात लोक असे वेडे झाले की ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने खास अधिवेशन घेऊन पैसे मंजूर केले. त्या दिवसाचं स्कोअरबुक त्यांच्याकडे अजून आहे. दाखवलं पण हातात नाही दिलं.

आता पुढचं. आम्हाला पहिला राऊंड माफ आहे. उद्यापासून डेट्रॉइट आणि क्लीव्हलंड खेळणार, त्यातला जो जिंकेल तो आमच्याकडे शनिवारी येणार, म्हणजे तुमच्याकडे बहुतेक रविवारची सकाळ असेल, चहा घेऊन बसा, मी लिंक पाठवते. कोण यावं ते मला ठरवता येत नाहीये, डेट्रॉइटकडे स्कूबल आहे, डावखुरा पिचर, त्याला खेळणं म्हणजे शिक्षा, आणि क्लीव्हलंड सध्या काय वाट्टेल ते करू शकतं. तुमचं मत कळवा. पण उद्या तिकडे महिलांचा वर्ल्ड कप सुरू होतोय ना, आपल्या सांगलीची स्मृती ओपनिंगला, तेव्हा दुपारी फोन लागणार नाही हे मी धरून चाललेय.

आईने गुडघ्याचं तेल नियमित लावावं. दसऱ्याला व्हिडिओ कॉल करते, नात पाटीपूजन करणार आहे, पाटीवर सरस्वती काढणार की हम्पी हे अजून नक्की नाही.

तुमची,
मनू