मनूला यंदा पाठवत नाहीये

आई, बाबा,

फोनवर आईचा आवाज ऐकला की मी विरघळते, म्हणून लिहितेय. या सुट्टीत मनूला तुमच्याकडे पाठवत नाहीये. ठरलंय आमचं. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

तिला अ‍ॅनोरेक्सिया आहे. डाएटचं खूळ नाही हे, जाड होण्याच्या भीतीने खाणंच तुटत जातं असा आजार आहे, आणि आई, तुझ्या लाडांमुळे किंवा माझ्या नोकरीमुळे झालेला नाही, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलंय मी. नाडी ४६, पाळी बंद, हातांवर बारीक लव आलीय, उकाड्यातही स्वेटर घालून बसते. एका घासाचे तुकडे तुकडे करून ताटभर फिरवत राहते, आणि वर आम्हाला करून घालायला रेसिप्या शोधते! उपासमारीत डोकं असंच चालतं म्हणे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांवर अर्धपोटी ठेवायचा प्रयोग झाला होता, त्यांनाही जेवणाशिवाय काही सुचेना, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले.

तू म्हणशील माझ्याकडे पाठव, आठ दिवसांत गुबगुबीत करते. पण उपाशी शरीराला एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर सांगतील तसंच वाढवतोय. काय, किती, कधी हे सध्या आम्ही ठरवतो, शेजारी बसून खायला लावतो आणि नंतरही तिला एकटं सोडत नाही. रडते, मला नाही नाही ते बोलते. बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी "राहू दे गं, नको तर नको" म्हणाला असतात. मला ताप आला की असंच म्हणून केसांतून हात फिरवत बसायचात ना, अजूनही तेच हवंसं वाटतं.

व्हिडिओ कॉल रोज करा, पण वजनाचा विषय नाही. "किती वाळलीस" नाही आणि पुढे "आता कशी छान भरलीस" तर मुळीच नाही. तू प्रेमानेच म्हणशील गं, तिला मात्र ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं. वजन आलं तरी डोक्यातली भीती लगेच जात नाही. तिच्या चित्रांचं विचारा, मांजराचं विचारा. आत्याला इतक्यात काही सांगू नका, का ते माहितीये तुम्हाला.

तुमचं काही अडणार नाही. गोळ्यांचे डबे दादा भरून देईल, बाथरूमला नवीन दांडा बसवायला माणूस येतोय. बाबा, बीपी रोज लिहून ठेवा. आई, मनूच्या काळजीने तू जेवण टाकू नकोस, शुगर आहे तुला. आणि डोळे दाखवायला न्यायला दादा गाडी घेऊन आला की "कशाला आलास" म्हणून त्याला परत पाठवायचं नाही.

तुमची,
ताई