सहा घड्या की आठ

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

तुझा तो लांबलचक मेसेज येऊन अडीच महिने झाले. मृण्मयीला फिजिओथेरपीला घालू का, एवढंच विचारलं होतंस आणि मी "निवांत लिहिते" म्हणून जी गप्प बसले ती बसलेच. रागावली असशील, तर तो राग मला मान्य आहे. पण आज लिहायला बसले ती त्या प्रश्नासाठी नव्हे. मंगळवारी आमच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत एक गोष्ट घडली. ती ऐकून "फोड तर नाही ना आला, मग झालं" असं न म्हणणारी तू एकटीच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझी साखर काठावर. पुढे.

मार्केट यार्डातले एक हमाल काका आले होते. साठीला टेकलेले, उभा जन्म हळदीच्या पोत्यांखाली गेलेला, तरुणपणी हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या कोठारांत, उतरून हळद काढलेले. मधुमेह बारा वर्षांचा. तक्रार पोटरीची. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने असेसमेंट फॉर्म भरला, हॉट पॅक, म्हणजे शेकायची गरम पिशवी, लिहिला, मी खाली सही केली. तिने पॅक पलंगावर ठेवला आणि त्यावर काकांचा पाय ठेवला, का तर पोटरीवरून पॅक घसरतो. आठव्या मिनिटाला शेजारच्या मुलाने सहज टॉवेल उचलून बघितला. कातडीवर लाल-पांढरे ठिपके, सोंगट्यांच्या पटासारखे. काका म्हणतात, "आजून गरमच लागंना बाई, जरा चांगला तापवा की."

तुला आता तुझ्या पाठीवरचा तो चौकोन आठवला असेल, कॉलेजात माझ्याच हॉट पॅकने भाजलेला. मलाही तोच आठवला.

नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं पाय धरला. बर्फाला मी कुणाला हात लावू दिला नाही. फोड आला नाही, दुसऱ्या दिवशी लाली गेली. काकांचं म्हणणं एकच, एवढ्याशा गोष्टीला पोरीला बोलू नका. मी तिला बोललेच नाही, कारण फॉर्म हातात घेतल्यावर बोलायला तोंड राहिलं नाही. "सेन्सेशन : इन्टॅक्ट", म्हणजे संवेदना शाबूत. "पेरिफेरल पल्स : पाल्पेबल", म्हणजे पायाची नाडी हाताला लागते. दोन्हींपैकी काही तपासलंच नव्हतं. आणि खाली माझी सही, त्या दिवशी एक वाजता केलेल्या अठरा सह्यांपैकी एक.

सुमे, ही मुलगी कामचुकार असती तर मी आज रविवारी ताव घेऊन बसले नसते. जतहून आलेली, हुशार मुलगी. झोपेतून उठवून विचारलं तरी एल फाइव्हचा डर्मॅटोम, म्हणजे कातडीचा कुठला पट्टा त्या नसेचा, ते बिनचूक सांगेल. हॉट पॅक कुणाला देऊ नये याची यादी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे आणि त्या यादीत "संवेदना कमी असलेला भाग" पहिल्या चारांत येतो. तरीही तिच्या हाताने "इन्टॅक्ट" लिहिलं, कारण मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये, पेशंटच्या नोंदवहीत, तेच आहे, त्याच्या मागच्यातही तेच आहे. फॉर्म लिहिणं आणि तपासणं ही आता दोन वेगळी कामं झालीत. वेळ कमी पडला की पहिलं उरतं.

गेले चार दिवस मी जुनी जर्नल्स काढून वाचतेय. खोटा आकडा ओळखू येतो गं, तो गोल असतो. ब्लड प्रेशर सगळ्यांचं १२०/८०. गुडघ्याचं वाकणं ० ते १३५, सत्तरीच्या आजीचंही, जी संडासला बसता येत नाही म्हणून आली होती. खांदा ० ते १८०. खऱ्या मोजणीचे आकडे ओबडधोबड निघतात, १३२/८४, १० ते ९५. एकाच गुडघ्यावर दोघांनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोनमापक, लावला तर पाच अंशांचा फरक पडतोच. तसा फरक कुठल्याही दोन मुलांच्या नोंदीत नाही, म्हणजे दोघांपैकी एकानेच मोजलं, किंवा एकानेही नाही. स्नायूंची ताकदही तशीच, सगळ्यांना पाचपैकी चार. कुशीवर झोपवून मांडी वर उचलायला सांगितली की कमजोर माणूस मांडी पुढे घेतो आणि ग्लुटियस मीडियसचं, म्हणजे कुल्ह्याच्या स्नायूचं, काम पुढच्या टेन्सर फॅशिया लाटाकडून करून घेतो. ती चोरी पकडायला श्रोणीवर, कमरेच्या हाडावर, हात ठेवावा लागतो. हात ठेवलाच नाही तर चारच दिसणार.

आता तपासायचं कसं, ते तर आपण दोघी दुसऱ्या वर्षी शिकलो. पण मुलांना परवा करायला लावलं तेव्हा कळलं, की पुस्तकातल्या चार ओळींतून किती सुटतं. दोन टेस्ट ट्यूब घेतल्या, एकीत चाळीस ते पंचेचाळीस अंशांचं पाणी, दुसरीत बर्फाचं. पहिली चूक, ट्यूब बाहेरून ओली. बर्फाची नळी घामेजते आणि पेशंट ओलाव्यावरून "गार" म्हणतो. प्रत्येक वेळी पुसायची. दुसरी चूक, नळीचं नुसतं टोक टेकवणं. नळी आडवी धरून तिची कूस लावावी लागते आणि दोन सेकंद ठेवावी लागते. तिसरी चूक सगळ्यांत वाईट. गरम पाणी बारीक नळीत पाच-सात मिनिटांत कोमट होतं, मग पेशंट "कळंना" म्हणतो आणि मुलं त्याला न्यूरोपॅथी, म्हणजे नसा बधिर झाल्याचं निदान, लावून मोकळी होतात. पाणी बदलत राहायचं, थर्मामीटर बाजूला ठेवायचा. आधी कोपराच्या आत, जिथे नक्की कळतं तिथे, दोन्ही नळ्या ओळखायला द्यायच्या. मग डोळे मिटवून, क्रम मोडून, जिथे पॅक ठेवायचाय तिथे आणि दुसऱ्या पायावर तिथेच.

आणि प्रश्न कसा विचारायचा! "गरम लागतंय ना?" असं विचारलं की आपल्याकडचा माणूस "व्हय" म्हणतो. डॉक्टरीणबाईला नाही कसं म्हणायचं? "कुठली?" एवढंच विचारावं आणि थांबावं. मधुमेहाचा माणूस "माझी संवेदना कमी आहे" असं कधी सांगत नाही. तो म्हणतो मुंग्या येतात, कापसावर चालल्यागत वाटतं, चप्पल पायातनं निसटली तरी पत्ता लागत नाही. काका नंतर हेच म्हणाले, अगदी हसत, "दोनदा एका चपलेवर घरी गेलोय." चपलेचं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

नाडीचं आणखी पुढचं आहे. काकांना नंतर मी नीट विचारलं. दोन गल्ल्या चाललं की पोटरी धरते, उभं राहिलं की दोन मिनिटांत सुटते, परत चाललं की परत तेवढ्याच अंतरावर धरते. आता सांग, हे स्नायूचं दुखणं आहे का? धमनीतून रक्त पुरत नाही तिथे आपण शेक देऊन रक्ताची मागणी वाढवणार, आणि पुरवठा वाढायला वाटच नाही. भाजलं नसतं तरी तो पॅक चूकच होता. पावलाच्या वर बोटं ठेवली तर डाव्या बाजूला काही नाही. घोट्याच्या आतल्या हाडामागेही नाही. (डॉरसॅलिस पेडिस, ही पावलावरची नाडी, काही धडधाकट माणसांतही हाताला लागत नाही, हे तू तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री म्हणाली होतीस आणि मी तुझ्याशी तासभर भांडले होते. तुझंच बरोबर होतं. म्हणूनच दुसरी, घोट्यामागची, पाहायची.) व्हॅस्क्युलरच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, डॉक्टरांकडे पाठवलंय. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब भागून ०.९च्या खाली आला तर धमनी अरुंद आहे असं धरतात, पण मधुमेहात धमनीची भिंत चुन्याने कडक होते आणि आकडा उलट फुगून येतो. तेव्हा आकडा चांगला आला तरी मी डॉप्लरचा, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीचा, आग्रह धरणार आहे.

आणि टॉवेल. तू म्हणायचीस सहा घड्या, मी म्हणायचे आठ, आणि त्यावरून आपण एक आठवडा डबा वेगवेगळा खाल्ला. या वयात मला वाटतं दोघींचं चुकत होतं, घड्या मोजून भागत नाही. टाकीत पॅक सत्तर-पंचाहत्तर अंशांवर असतो, त्याच्या आणि कातडीच्या मधली हवा हेच आपलं खरं संरक्षण. टॉवेल चार वर्षं धुऊन विरला की आठ घड्यांचं काम चार घड्यांइतकं होतं. पॅक निथळून घेतला नाही तर टॉवेल ओला होतो आणि ओला टॉवेल उष्णता कोरड्यापेक्षा भराभर पोहोचवतो. आणि पाय वर ठेवला की सगळ्या घड्या चेपतात, हवा निघून जाते, उष्णतेला वर निसटायला वाट राहत नाही. पॅक अंगावर ठेवायचा, अंग पॅकवर नाही. घसरतो तर पट्ट्याने सैल बांधा. पाच मिनिटांनी उचलून बघायचंच, कारण कातडी सगळ्यांत जास्त तापते ती पहिल्या पाच-दहा मिनिटांतच. सगळीकडे एकसारखी गुलाबी झाली तर ठीक, ठिपके दिसले तर पॅक काढायचा, पेशंट काहीही म्हणो. तू त्या दिवशी काहीच म्हणाली नव्हतीस, माझं प्रॅक्टिकल बिघडू नये म्हणून. ते मला अजून बोचतं.

मी काय केलं ते सांगते. फॉर्मवरचा "इन्टॅक्ट / इम्पेअर्ड" हा छापील पर्यायच काढून टाकला. आता लिहायचं, दहापैकी किती नळ्या ओळखल्या, डावीकडे किती, उजवीकडे किती. पावलाला दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, तो वाकेपर्यंत दाबून, कुठल्या जागांवर कळला नाही त्याचं चित्र काढायचं. नाडीपुढे नुसती खूण चालत नाही, दोन्ही जागांची नावं आणि दोन्ही पाय. आणि मी स्वतः रोज कुठलेही दोन फॉर्म उचलून पेशंटवर परत तपासते. गुरुवारी ओपीडी दीड तास लांबली. वरून विचारणा झाली.

पण सुमे, खरी काळजी पुढेच आहे. शुक्रवारचे फॉर्म बघितले. दहापैकी नऊ, दहापैकी नऊ, दहापैकी दहा, दहापैकी नऊ. खरे असतीलही. कोवळ्या वयाच्या खेळाडूंची ओपीडी होती, आले असतील बरोबर. पण मला आता कुठलाच आकडा सरळ वाचता येत नाही. मुलांवरचा माझा विश्वास उडाला, हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे, आणि विश्वास ठेवून सही करणं हे पेशंटवर. तू एकटी क्लिनिक चालवतेस, तुझ्या हाताखाली दोन मुली आहेत. तू कसं बघतेस? त्यांच्या शेजारी उभी राहतेस का? मी उभी राहिले की ती नीट करतात. मी पाठ फिरवल्यावर काय होतं ते मला हवंय.

बरं, मृण्मयी. घाल. पण या गोष्टी बघून घाल. प्रवेशाला नीट (NEET) परीक्षा लागते हे तुला ठाऊकच आहे. आपल्या वेळी चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप होती. २०२१च्या कायद्याने फिजिओथेरपीसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि त्याच्या नव्या अभ्यासक्रमात एकूण पाच वर्षं आहेत, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ती जिथे जाईल तिथे कुठला अभ्यासक्रम लागू आहे ते लेखी विचार. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नकोस, सकाळी दहाला ओपीडीत जाऊन बस. किती पेशंट, एका पेशंटभोवती किती विद्यार्थी, बघणारे किती आणि हात लावणारे किती ते मोज. डिसेक्शन हॉलमध्ये एका टेबलाला किती जण ते विचार. संलग्न हॉस्पिटलात आयसीयू आहे का, आणि शेवटच्या वर्षाला तिथे खरोखर पोस्टिंग मिळतं का, की नुसतं यादीत आहे. पहिलं वर्ष अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचं, रडायला येतं, त्यात घाबरून फोन आला तर घरी बोलवू नकोस. दुसऱ्या वर्षी एकमेकांवर हात बसतो. तिथे तिला चांगली जोडीदार मिळाली पाहिजे, जी भाजल्यावर ओरडेल.

आता ती सायन्सला आहे तोवर तिला एक काम दे. तुझ्या आईचं ब्लड प्रेशर रोज तिने घ्यायचं, हाताने, स्टेथोस्कोपने, आणि जे येईल तेच लिहायचं. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा, नाडी गेली की वर तीस, मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर पारा या बेताने सोडायचं. महिन्याने ती वही मला पाठव. आवडलं की नाही ते त्यावरून कळेल.

तुझ्या नव्या जागेचं फर्निचर झालं का? भाऊजींच्या बदलीचं काय? धाकट्याचा हात प्लास्टरमधून निघाला असेल, मनगट ताठ झालं असेल तर तू आहेसच. विश्रामबागेतल्या त्या दुकानाचं भडंग पाठवलंय, या वेळी तिखट कमी सांगितलंय.

काकांना बुधवारी परत बोलावलंय. डॉप्लरचा रिपोर्ट घेऊन येतील. त्या मुलीलाच सांगितलंय, दोन्ही पायांच्या चारही नाड्या तू बघायच्या आणि काकांसमोर मोठ्याने सांगायच्या, मग मी बघणार. ती हो म्हणाली. रिपोर्ट कळवते.

तुझी,
नीलू

ता. क. जुन्या टॉवेलांचा गठ्ठा काल बाद केला. बत्तीस निघाले. नवीन मागवलेत, जाड. तुझ्या क्लिनिकचेही एकदा उजेडासमोर धरून बघ, पलीकडचं दिसत असेल तर फरशीला टाक.