बदली ट्रान्झिस्टर नंबर पाहून नको, मोजून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गिटारचे फझ पेडल (सूर मुद्दाम खरखरीत करणारी, पायाने दाबायची पेटी) घरी जोडणारी मुले लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर मागताना ‘एसी १२८ द्या, नसेल तर बदली काहीही चालेल’ असे सांगतात आणि पेडल नीट वाजले नाही की सर्किटला दोष देतात. बदली ट्रान्झिस्टर जरूर चालतो, पण तो मोजून घेतलेला हवा.

१९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेस या पेडलचेच उदाहरण घेऊ. त्यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर आणि तीन कॅपॅसिटर, बस्स. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, पीएनपी (यात एमिटर प्लसकडे असतो, एनपीएनमध्ये उलट). जर्मेनियमची खोड अशी की एमिटर, बेस, कलेक्टर या तीन पायांपैकी बेस मोकळा ठेवला तरी थोडा करंट झिरपत राहतो. हे लीकेज मल्टिमीटरच्या एचएफई खाचेत गेनमध्येच (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो त्या आकड्यात) मिसळते, म्हणून तिथला आकडा फुगलेला दिसतो.

खरा गेन काढायला ९ व्होल्टची बॅटरी पुरते. एमिटर प्लसला जोडा. कलेक्टरपासून मायनसपर्यंत २.२ के (किलोओहम) आणि २७० ओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये लावून त्या दोघांवरचे व्होल्टेज बघा. बेस मोकळा असताना ०.३० व्होल्ट आले तर लीकेज साधारण १२० मायक्रोअँपिअर. आता बेसपासून मायनसला २.२ मेगओहम लावा. आकडा १.२५ झाला तर फरक ०.९५, म्हणजे गेन ९५. पहिल्या जागी ७० ते ८० आणि दुसऱ्या जागी ११० ते १३० गेनचा ट्रान्झिस्टर ठेवावा. बेस मोकळा असताना अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तो उत्तम. पाऊण व्होल्टच्या वर गेला तर बाजूला काढावा. मोजताना ट्रान्झिस्टर चिमटीत धरू नका, बोटांच्या उबेनेच आकडा चढत जातो. पाच मिनिटे टेबलावर तसाच राहू द्या.

एसी १२८ छापून दुसराच माल विकला जातो, तोही ओळखता येतो. डायोड रेंजवर बेस-एमिटर ०.२ ते ०.३ दाखवतो तो जर्मेनियम. ०.६ आले तर आत सिलिकॉन आहे, छाप काहीही असो.

बसवताना थेट सोल्डरचा डाग देऊ नका. मादी हेडर पट्टीचे तीन भोकांचे तुकडे बोर्डावर लावा आणि ट्रान्झिस्टर त्यात खोचा. उष्णतेने जर्मेनियम मरत नाही आणि अदलाबदल सोपी जाते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरील ८.२ के रेझिस्टरऐवजी २० के चा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) टाकून तिथले व्होल्टेज ४.५ वर आणा. दर दहा अंशांना लीकेज साधारण दुप्पट होते. त्यामुळे वातानुकूलित खोलीत लावलेले ४.५ नागपूरच्या मे महिन्यात सरकते आणि सूर तुटक येऊ लागतो. प्रीसेट हाताशी राहील असाच बसवावा. आणि पीएनपी पेडलला प्लस ग्राउंड असते, ते इतर पेडलांच्या सामाईक अडॅप्टरवर जोडले की शॉर्ट झालेच.

सिलिकॉन घ्यायचा तर सिलिकॉनच्या फझ फेसमधील बीसी १०८ च्या जागी बीसी ५४७ बी चांगला. ‘सी’ गटाचा गेन ४२० च्या पुढे, त्यात शिट्टी आणि रेडिओ दोन्ही शिरतात. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसवर १०० पिकोफॅरड लावल्यास आवरते. पीएनपीच्या बोर्डावर एनपीएन लावताना बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उलटे करावेच लागतात. सर्वाधिक चुका मात्र पायांत होतात. चपटी बाजू आपल्याकडे धरली तर ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ या दुसऱ्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे नेमके उलटे. उलटा बसलेला ट्रान्झिस्टरही अगदी कमी गेनने थोडा आवाज सोडतो, म्हणून तो ‘कमजोर’ वाटतो आणि चूक सापडत नाही.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना एक विनंती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवले. जुन्या सेटच्या आउटपुटमध्ये एसी १२७ आणि १२८ ची जोडी अनेकदा सापडते (१२७ एनपीएन असतो, हे लक्षात ठेवावे). सेट भंगारात देण्याआधी ती पाय लांब ठेवून काढून घ्या आणि मागायला येणाऱ्या मुलांना दुकानातच मोजून पाहू द्या.

– एक वाचक, पुणे